अंधारगाडीचे पडदे

ता. ४, मंगळवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, काल रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण तू आहेस. गाडीवाले काका पार्कातून पडद्यांच्या कापडाचं गाठोडं टाकून गेले आणि जाता जाता म्हणाले की अंधारगाडी पुन्हा सुरू होतेय, तुझा भाऊच तिचा वायरमन. शिवणाचं काम तू मिळवून दिलंस, पण हे काळे पडदे कुठे लागणार ते मात्र गिळून टाकलंस. मला आपलं वाटत होतं, जादूगाराच्या मांडवाचे असतील.

तुला सगळ्याची गंमत वाटते. मागे ती गाडी पेटली त्या दिवशी मी छकुलीला कडेवर घेऊन गेटाबाहेर उभी होते रे. बोगद्यातून धूर येत होता, माणसं खोकत बाहेर पडत होती, आणि एकेक तोंड बघत होते तर तुझं कुठेच नाही. तू सगळ्यांच्या शेवटी आलास. भुवया जळालेल्या, काखेत कुणाचं तरी पोर. तुझा तो सदरा मी धुतला, परत धुतला, तरी जळक्या रबराचा वास जाईना. शेवटी चुलीशी धरायला फडकी केली त्याची. अजून कढत भांडं उचलताना तो वास आल्यासारखं होतं. दुसरी कुठली राईड नाही का त्यांच्याकडे? त्या कपबश्या फिरतात, ते घोडे आहेत.

आता कामाचं. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ आहे आणि शिवताना त्यातून पांढरं पीठ गळतं. मशीनखाली नुसता सडा. छकुली तिथेच खेळते, तिच्या गळ्यावर पुरळ उठलं, खोकतेही. हे पीठ कशाचं आहे ते विचारून कळव. सासूबाई म्हणतात की गिरणीची खळ असेल, धुऊन शिव. मी म्हटलं आधी दादाला विचारते. त्यांचा पाय अजून पट्ट्यातच आहे, बसल्या जागेवरून सगळ्या घरावर लक्ष.

अक्षर लागत नसेल तर तुझीच चूक, शिकवलंस तूच. लोभ आहे तो असू दे, आणि तो घेऊन जळत्या जागेत जाऊ नकोस.

तुझी,
बबडी


ता. ७, शुक्रवार

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी काकांनी आणून दिली. सगळ्यांसमोर वाचली ही चूक झाली. आता आमचा सुतार मला सकाळ-संध्याकाळ कपबश्यांवर बदली करून घ्यायला सांगतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. आमचा राक्षस मात्र आता पत्र्याचा आहे. आधी तो फोमचा होता, म्हणून तर तसा पेटला. नीट ऐक, म्हणजे झोप लागेल. जुन्या बोगद्यात लाकडी भिंती होत्या, भुतांच्या पोटात फोम होता, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, आणि एक तापलेला दिवा पडद्याला टेकला होता. मागचं दार गंजून बसलेलं. ते मी लाथेनं उघडलं, ते तू सगळ्यांना सांगत असतेस. यातलं आता काही उरलं नाही. सगळं उचकटून रिकामं केलं. भिंती सिमेंटच्या पत्र्यांच्या, वायरी लोखंडी नळीतून, दिवे न तापणारे. तेवढे राक्षसाचे दोन डोळे जुन्या दिव्यांचे ठेवलेत, कारण मालकांना तो लाल उजेडच हवा. धुराची घंटा आहे. दारं तीन झाली, हाताने ढकललं की उघडतात, वर हिरवा दिवा. छतातून आपोआप पाणी सुटेल अशा तोट्या बसवल्यात. त्यांचा पंप यायचाय अजून, पण आत पेटण्यासारखं काही ठेवलंच नाही तर पंप करणार काय, असं आमचे साहेब म्हणतात.

आता खरी बातमी. रविवारी, सोळा तारखेला संध्याकाळी, कामगारांच्या घरच्यांना घेऊन पहिली फेरी आहे. पहिल्या डब्यात मी आणि माझ्या मांडीवर छकुली. मी साहेबांना सांगूनसुद्धा टाकलं. तुम्ही सगळे या. मामाने बांधलेली गाडी भाचीने नाही बघायची तर कोणी?

फोन करत बसू नकोस. कामावर फोन आत नेऊ देत नाहीत आणि खोलीवर रेंज नाही. अगदीच अडलं तर गेटावरून बोगद्यात आतला फोन लागतो, पण तो गेटवाल्यांनीच लावायचा असतो. आपली चिठ्ठीच बरी.

पिठाचं मला ठाऊक नाही. कापडाचं सगळं शिवणवाल्या बाई बघतात, त्यांना विचारून लिहितो. सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना रामराम, आणि तुला रात्रीची गाढ झोप.

तुझा,
दादा


ता. ११, मंगळवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मी बसून बसून वाचली, मग ह्यांना वाचून दाखवली, मग सासूबाईंना. तीन दारं ऐकून जिवाला जरा बरं वाटलं. पण ते डोळे मला आवडले नाहीत. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकून प्यायला लागतं, त्याला तू भित्रं म्हण नाहीतर काही म्हण.

छकुलीला फेरीचं ह्यांनी सांगून टाकलंय. आता ती मोरीत जाताना पण डब्यात बसते. पाटावर बसायचं, दादामामा चालवतोय म्हणायचं, आणि आपणच भूत होऊन आपल्यालाच भॉक करायचं. हे तिला घेऊन शनिवारी काकांच्याच गाडीतून येतील, तुझ्याकडे मुक्काम करतील. माझं येणं जमायचं नाही. सासूबाईंना उठायला बसायला माणूस लागतं.

पडदे सगळे शिवून झाले, ते सोबत पाठवतेय. तू पिठाचं कळवतो म्हणालास, पण काका आज दारात आले तरी तुझं काही नाही. छकुलीचा खोकला वाढला होता, मी थांबले नाही. गेल्या तीन-चार दिवसांत पडदे हौदात भिजत घातले, सोडा टाकून चांगले तुडवले, दोन पाण्यांतून काढले आणि कडक उन्हात वाळवले. पाण्याचं नुसतं दूध झालं होतं. सासूबाई खुर्चीवरून सांगत होत्या, अजून एकदा पिळ, अजून एकदा. आता बघ हात लावून, किती मऊ झालेत. घरात पीठ नाही, पोरीचा गळाही बरा आहे. शिवणवाल्या बाईंना म्हणावं, धुण्याचं वेगळं काही नको, ते घरचं समजा.

ही चिठ्ठी वरच्या पडद्याच्या घडीत ठेवतेय. रविवारी छकुलीला घट्ट धर. ती शूरपणा करते आणि मग ऐनवेळी उतरायचं म्हणते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बबडी


ता. १४, शुक्रवार

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या खेपेला तुझी चिठ्ठी नाही. रागावलीस की काय? गाठोडं आलं तेव्हा मी वायरींच्या मागे होतो. बाईंच्या पोरींनी ते सोडलं आणि भराभर पडदे वर चढवले. त्यात चिठ्ठी कुठे पडली असेल तर देव जाणे, बोगद्यात आत्ता कागद, दोऱ्या, खिळे सगळं पसरलंय.

पण पडदे काय शिवलेस गं! टांगणारी पोरगी सांगत होती, इतका मऊ पडदा आजवर हाताला लागला नाही, सरळ पाण्यासारखा पडतो. राक्षसाच्या मागचा तर असा शोभतो की मालक दोनदा बघून गेले. माझी बहीण आहे म्हणून मी छाती काढून फिरलो.

काल आग विझवणाऱ्या खात्याचे साहेब आले होते. तुझ्यासाठी मुद्दाम सगळं बघून ठेवलंय. त्यांनी बाईंकडून त्याच कापडाची उरलेली पट्टी मागितली, चिमट्यात धरली आणि खालून ज्योत लावली. ज्योत होती तोवर काळी पडली. ज्योत काढली की पट्टी आपोआप विझली, बघता बघता. साहेबांनी मान हलवली आणि पास म्हणाले. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

आणि हो, तुझं पीठ. विचारायचं राहूनच गेलं होतं, काल साहेबांच्या तोंडूनच कळलं. तीच तर सगळी करामत आहे. कापड औषधाच्या पाण्यात बुडवून वाळवतात, त्याची ती पूड. त्याच्यामुळे कापड आग धरत नाही. पाणी लागलं की औषध निघून जातं आणि मग ते साधं कापड, म्हणून ते पडदे कधी धुवायचे नसतात. छकुलीला दूर बसव आणि तोंडाला फडकं बांधून शिव, एवढंच. आता शिवून झालेच म्हणा.

उद्या काका येतायत त्यांच्या हाती ही देतो. परतीला जावईबापू आणि आमची पहिली प्रवासी. रविवारी दुपारपासून मी आतच असेन, सहाला फेरी.

आता तरी झोप. आशीर्वाद आहेतच, वापरत जा.

तुझा,
दादा


ता. १६, रविवार, सकाळ

हे पत्र गेटावर जो कोणी उघडेल त्यांस,
सा. न. वि. वि.

मला तुमचं नाव माहीत नाही. तुमच्या अंधारगाडीचे पडदे शिवणारी बाई मी, तिच्या वायरमनची बहीण. अक्षर वाईट आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ते पडदे मी धुतलेत. सगळे. सोडा घालून. त्यातलं आगीचं औषध पाण्याबरोबर गेलं. आगीच्या खात्याच्या साहेबांनी पास केली ती पट्टी धुतलेली नव्हती. ती तुमच्याकडेच उरलेल्या कापडातली होती. वर टांगलेत ते वेगळे आहेत.

मला हे काल संध्याकाळी कळलं. भावाची चिठ्ठी काकांनी दिली तेव्हा मी पोरीची वेणी घालत होते. ती खोचली कमरेला आणि विसरले. गाडी गेली, हे गेले, छकुली खिडकीतून हात हलवत गेली. मग घरातलं आवरून वाचायला बसले. मी एकेक अक्षर लावून वाचते, वेळ लागतो. पूड म्हणजे औषध इथवर आले आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून लावली.

मला वाटलं, आपल्याला कळलं नसेल नीट. म्हणून अंगणात गेले. माझ्याकडे दोन चिंध्या होत्या. एक कापतानाच बाजूला पडलेली, न धुतलेली. दुसरी पडद्यांबरोबर धुतलेली. पहिलीला काडी लावली तर ती काळी झाली आणि विझली, भावाने लिहिलं तसंच. दुसरी हातात धरवली नाही. काडी लागायचा अवकाश, वरपर्यंत पेटली. मी ती फेकली तरी खाली पडून जळत होती. माझं बोट भाजलंय.

सासूबाई आधी म्हणाल्या की कागदावर काही लिहून देऊ नकोस, लिहिलेलं अंगाशी येतं, भावाची नोकरी जाईल. दुसरी चिंधी पेटलेली त्यांनी दारातून बघितली. मग त्याच म्हणाल्या लिही, आणि धुवायला सासूने सांगितलं तेही लिही. तर तेही लिहिलं. पण धुतले मी.

शेजारणीच्या फोनवरून रात्रभर लावत होते. भावाचा लागत नाही. ह्यांचा बंद येतो, छकुलीने खेळून उतरवला असणार. पार्काचा नंबर शेजारणीकडे नाही, काकांकडे फोन नाही. म्हणून तुमच्या कँटीनला दूध घालतात त्या गवळ्यांकडे हे देतेय. त्यांच्या मोटरसायकलला दोन्हीकडून कॅन आहेत, नाहीतर मीच मागे बसले असते. ते तोंडी सांगतो म्हणाले, पण बायकांचं काहीतरी म्हणून कोणी हसून सोडून देईल अशी भीती वाटली. म्हणून सोबत दोन चिंध्या पाठवतेय. गाठ मारलेली धुतलेली. खोटं वाटलं तर बाहेर मोकळ्या जागेत काडी लावून बघा, हातात धरू नका.

राक्षसाचे डोळे जुने दिवे आहेत, ते तापतात. त्याच्या मागेच माझा पडदा आहे. पाण्याचा पंप अजून आला नाही. मला शिक्षण नाही, पण एवढं मला जोडता येतं.

पहिल्या डब्यात माझा भाऊ बसणार आहे. त्याच्या मांडीवर माझी पोर असेल, पिवळा झगा, दोन वेण्या, एक मी घाईत सैल घातलीय. तिला वाटतंय मामाची गाडी म्हणजे काही होत नाही. मागच्या डब्यांतही कुणाकुणाची असतील. सगळ्यांना खाली उतरवा. पडदे काढा. माझ्यावर काय यायचं ते मी भोगीन, मी शेजारणीला घरात बसवून पहिल्या बसनं येतेच आहे, पण ती बस सगळीकडे थांबत येते.

तुमच्या गेटावरून बोगद्यात आतला फोन लागतो म्हणे, तो तुम्हीच लावायचा असतो. भाऊ वायरींच्या मागे असेल, लगेच ऐकू येणार नाही, तर ठेवून देऊ नका. पुन्हा लावा. त्याला एवढंच सांगा की बबडीने पडदे धुतले. पुढचं त्याला कळेल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. लोभ नंतर ठेवा. आधी माझ्या भावाला फोन करा.