दोनच्या डावीकडचं

अण्णा, आज माझ्या अकरावीच्या वर्गात एका मुलीने असमानतेच्या दोन्ही बाजूंना सरळ छेदानेच गुणून टाकलं. आपल्या स्वयंपाकघरात बसून मीही एकदा तेच केलं होतं. वर क्ष, खाली छेदात क्ष वजा दोन, हे तीनपेक्षा लहान. माझं उत्तर आलं, क्ष तीनपेक्षा मोठा. तुम्ही गणिताचे मास्तर, ते घरातही मास्तरच. घास हातात धरून ओरडलात, "छेद धन हाय का ऋण, हे तुला कुनी सांगितलं?" मग पाटी ओढलीत. सगळं एका बाजूला आणायचं, समान छेद घ्यायचा, संख्यारेषेवर दोन आणि तीन मांडून प्रत्येक तुकड्यात चिन्ह तपासायचं. दोनपेक्षा लहान संख्याही चालतात, त्या मी घालवल्या होत्या. "अर्धं उत्तर म्हंजी चूकच," म्हणालात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे नगरच्या दवाखान्यातून घरी आलात ते पक्षाघाताने डावं अंग लुळं पडून. बोलणं शाबूत, नजर शाबूत, पण डावीकडचं जगच तुमच्या लेखी उरलं नव्हतं. ताटातलं उजवीकडचं खाऊन "झालं" म्हणायचात. आई काही न बोलता ताट फिरवायची आणि तुम्ही पुन्हा जेवू लागायचात. एका दुपारी जेवता जेवता तुम्ही पाटी मागितलीत. मी तेच गणित घातलं. समान छेद बिनचूक घेतलात, दोन आणि तीन मांडलेत, आणि तीनच्या उजवीकडची रेघ तेवढी ठळक करून खडू ठेवलात. "हाय का बरोबर?"

आई भाकरी थापता थापता मला मान हलवून खुणावत होती, व्हय म्हन. मी म्हटलं, "अण्णा, डावीकडचं राहिलं."

"डावीकडं काय हाय?" तुम्ही खरंच विचारत होतात.

मी पाटी उलटी फिरवली. दोनच्या पलीकडची रेघ तुमच्या उजवीकडे आली. तुम्ही खडू उचलून ती ठळक केलीत. नंतर ताटाकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत. "रोजच असं हुतंय व्हय?"

पुन्हा पाटी मागितली नाहीत. आईने ताट फिरवलं की उरलेलं न खाता हात धुऊन टाकायचात. त्याच उन्हाळ्यात गेलात. आई एवढंच म्हणाली, "मी ताट फिरवत हुते. त्यांना सांगत नव्हते."

आज त्या मुलीला मी ओरडले नाही. फळ्यावर समान छेद घेऊन पूर्ण सोडवून दाखवलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही ती रेघ पुरी केलीत तेव्हा मला आनंद झाला होता, उत्तर बरोबर आलं म्हणून. तुमच्या चेहऱ्याकडे मी नंतर पाहिलं.