थांग दरबारातली कात्री

तीर्थस्वरूप सूझेनताईस,

चेंगडूहून तुझा धाकटा चुलतभाऊ बेईमिन याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि मुळ्याच्या लोणच्याची मोठी बरणी, तिन्ही सुखरूप असावीत. इकडे मी ठीक. तुझी भावजय मेईशियाही ठीक आहे, फक्त चार दिवस माझ्याशी बोलत नाही (घरात शांतता आहे, पण जेवणात तिखट दुप्पट पडतं).

त्याचं कारण सांगतो. झिगोंगचं तुझं वह्या-पेन्सिलींचं दुकान बंद करताना तू मला एक सीलबंद खोकं दिलं होतंस. 'थांग दरबार', जुन्या थांग घराण्यावरचा अठ्ठेचाळीस चित्रकार्डांचा संच: सम्राट, सेनापती, उंटवाले व्यापारी आणि सोनेरी मुलाम्याची सम्राज्ञी. उघडलेले संच ढिगानं मिळतात. न उघडलेलं खोकं अख्ख्या प्रांतात माझ्याकडे एकच. मेईशिया विचारायची, आत कधी बघायचंच नसेल तर विटेला कागद गुंडाळून ठेवला असता तरी काय बिघडलं असतं? (वीट जड असते, यापलीकडे मला कधी उत्तर सुचलं नाही.)

आता तान मास्तरांविषयी. निवृत्त भूगोल शिक्षक, आमच्या चहाघरातल्या संग्राहकांत सगळ्यांत जुने. त्यांच्याकडे तसाच हान घराण्याचा एक सीलबंद संच आहे, बायकोनं साठीला दिलेला. तीन वर्षांपूर्वी मी भर टेबलावर म्हणालो, "मास्तर, या खोक्याचं प्लॅस्टिक नवीन दिसतंय." खरं होतं, संच नकलीच होता, पण त्यांची बायको जाऊन दोनच महिने झाले होते. मास्तर खोकं घेऊन उठले. तेव्हापासून ते एकटेच तळ्याकाठी, आमच्याकडे पाठ करून बसतात. माफी मागायचं मी शंभरदा ठरवलं आणि शंभरदा चहा गार केला. शेवटी मनाशी म्हटलं, आपलं अस्सल खोकं त्यांना द्यावं आणि त्यांचं नकली मागून घ्यावं. असा सौदा शहाणा माणूस करत नाही, म्हणजे मी माफी मागतोय हे त्यांना कळेल.

शनिवारी खोकं पिशवीत घालून मेट्रोच्या स्टेशनवर गेलो. तिथल्या तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पडद्यापुढची मुलगी म्हणाली, "काका, कात्री आहे. बाहेर काढा."

मी म्हटलं, "मुली, यात थांगांचा दरबार आहे."

"मग दरबारात कात्री आहे."

तिनं पिशवी तीनदा फिरवली. मागे रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "दरबाराचा शिंपी असेल." पडदा मीही पाहिला, ताई. चांगली वीतभर, कापड बेतायची कात्री. तिचे साहेब आले आणि म्हणाले, उघडा नाहीतर चालत जा. मी सात स्टेशनं चालत गेलो. (का नाही उघडलं, ते विचारू नकोस. वीस वर्षांची सवय.)

घामाघूम होऊन तळ्याकाठी पोचलो आणि खोकं मास्तरांपुढे ठेवलं. "मास्तर, माझंही नकली निघालं. आत कात्री आहे. त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

मास्तरांनी खोकं उचललं, कानाशी धरून हलवलं, चष्मा पुसून चारही बाजूंनी पाहिलं. मग माझ्यासाठी चहा ओतला. "नकली कसलं, गाढवा? कारखान्यात खोकी भरणाऱ्या बाईची कात्री आत राहिलीय. असं खोकं जगात दुसरं नसेल."

"अहो मास्तर, पण..."

"तू प्लॅस्टिकबद्दल बोलूच नकोस."

आणि ते बोलत सुटले, चहाघरवाल्यानं भोवतीच्या खुर्च्या गोळा करेपर्यंत. मी अदलाबदलीचं काढलं, तर म्हणाले, हानचं खोकं द्यायचं नाही, ते तिनं दिलंय. म्हणून माझं त्यांना असंच देऊन आलो. वीस वर्षं त्याला वीट म्हणणाऱ्या मेईशियाला तेच आता घरातली सर्वांत मोलाची वस्तू वाटतंय, म्हणून हा अबोला.

भावोजींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.

तुझा,
बेईमिन

ता. क. दुकानातला माल दमटपणानं खराब होऊ नये म्हणून तू हाताला येईल ते खोक्यांत भरून, प्लॅस्टिकमध्ये घालून, कडेवर इस्त्री फिरवून बंद करायचीस, हे मला चौथ्या स्टेशनजवळ आठवलं. तुझी शिवणाची कात्री दुकान बंद केलंस त्याच वर्षी हरवली होती आणि आळ भावोजींवर आला होता, हे पाचव्याजवळ. मास्तरांना हेही सांगणार होतो. पण त्यांनी चहा ओतला.

दुसरा ता. क. मास्तर पुढच्या गुरुवारी खोक्याचा इतिहास टिपून घ्यायला तुझ्याकडे येताहेत. मी सोबत आहे. ते विचारतील. तू म्हण, काही आठवत नाही. म्हणताना हसू नकोस. भावोजींची माफी आधीच मागून ठेव आणि त्या दिवशी त्यांना मासे धरायला पाठव, त्यांना सगळं आठवतं.

तिसरा ता. क. बायको गेल्यापासून मास्तर प्रथमच शहराबाहेर पडताहेत. आलं घालून सशाचं कालवण कर. आणि कृपा करून आमच्यादेखत घरात कात्री शोधू नकोस.