मागच्या पत्र्याचा पोचा

प्रिय ठकू,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. आधी पायरीवर टेक. दोन ओळी वाचल्या की तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी माझं सांगून होईपर्यंत गप्प बसायचं. मी सात महिने गप्प बसले, तुला दहा मिनिटं जमतील.

कॅरव्हॅन विकायचं तू ठरवलंस. जाहिरात दिलीस, फोटो काढलेस, रविवारी सकाळी दहाला बघायला माणूस येणार हेही परस्पर नक्की केलंस. आम्हाला सांगितलंस सगळ्यात शेवटी, दातांच्या डॉक्टरची वेळ सांगावी तसं. वर मला बजावलंस, मागच्या पत्र्याला पोचा आहे तेवढा ठोकून घे, नाहीतर गिऱ्हाईक नाक मुरडेल. मुरडू दे. त्या पोच्याला मी कुणाचा हातोडा लागू देणार नाही.

तो कसा पडला हे तुला कधी सांगितलंच नाही, कारण त्यात आमची शोभा होती. तुझ्या जन्माच्या आधीचा वसंत. हीच कॅरव्हॅन नुकतीच घेतलेली, आणि पहिल्याच सुट्टीत ओढ्याकाठच्या कुरणात ती गाडीला जोडून मागे घ्यायची होती. बाबा स्टिअरिंगवर, मी मागे उभी. बस चालवणारा माणूस, त्याला गाडीतलं कुणी शिकवायचं नाही! मी ओरडतेय डावीकडे, ते वळवताहेत डावीकडे, आणि कॅरव्हॅनचं बूड चाललंय उजवीकडे. माझी डावी बाजू कॅरव्हॅनची, त्यांची स्टिअरिंगची. जोडलेली गाडी मागे घेताना दोन्ही उलट्या असतात हे आम्हाला कळेपर्यंत शेतकऱ्याचं कुंपण आडवं झालं होतं, आणि खुर्च्या टाकून बसलेली चार कुटुंबं पोट धरून हसत होती. संध्याकाळभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळी बाबांनी चहाचा कप हातात देत नियम सांगितला: आजपासून तोंड बंद, हात चालू. पत्र्यावर एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. दोन थापा दिल्या की मी चाकामागे वीट लावायची, मग त्यांनी इंजिन बंद करायचं. चौतीस वर्षं माझा तळवा त्याच जागी बसला. पत्रा बिचारा आत गेला, संसार मात्र शाबूत राहिला.

आमच्या सहली म्हणजे काय असतं, हे तुला लहानपणी कंटाळवाणं वाटायचं. तू टेबल मोडून केलेल्या पलंगावर पालथी पडून विचारायचीस, आपण पोहोचणार कधी? अगं, पोहोचायचं कुणाला होतं? दोन तासांच्या वाटेला आम्ही दोन दिवस लावायचो. फुललेली बाग दिसली की गाडी बाजूला, किटली वर, खुर्च्या बाहेर. वर्षभर मी पडद्यांच्या दुकानात कात्री चालवायची, बाबांनी थांब्यांवर वेळ पाळायची. वसंतातले ते तीन-चार आठवडे कुणाच्या बापाचे नव्हते.

मागच्या वसंतात बाबा नेहमीच्या कुरणात बसले आणि म्हणाले, समोरचं पिवळं कसलं गं? मी म्हटलं, फुलं. ते चिडले. कोणतं पिवळं ते सांग, म्हणाले, दुकानात गिऱ्हाइकाला नुसतं पिवळं सांगायचीस का? तेव्हा मला कळलं, की त्यांना खरंच दिसत नाहीये. मग मी सांगत बसले: हे सुती, धुऊन विटलेलं, ते पलीकडचं रेशमी, उन्हात डोळ्यांवर येणारं. नजरेचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माझ्याकडे बघायचं असेल तर ते आता माझ्या कानाशेजारी बघतात. त्या कडा पुढच्या वसंतापर्यंत टिकतील का, याचं उत्तर डॉक्टर देत नाहीत. आणि तू म्हणतेस, सहलीचं पुढच्या वर्षी बघू!

तुझं मन मला कळत नाही असं नाही. दिवसभर तू इस्पितळात प्लास्टर घालतेस, म्हातारी मोडलेली माणसंच तुला दिसतात. म्हणून तू न्हाणीघरात दांडे बसवलेस, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलंस. ते मी चालवून घेतलं. पण फेब्रुवारीत तू आलीस, कॅरव्हॅनचा मागचा दिवा फुटलेला आणि गेटचा खांब चिरलेला पाहिलास, आणि सरळ बाबांना धारेवर धरलंस. डोळे नसताना गाडीला हात लावलात, लोकांचे जीव घ्यायचेत का, असं ताडताड बोललीस. गाडीची किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतलीस. ते मान खाली घालून बसून राहिले, आणि मी शेजारी बटाटे सोलत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

खांब मी तोडला, ठकू. गाडीत मी होते.

सात महिन्यांपूर्वी, एकसष्टाव्या वर्षी, गुपचूप गाडी शिकायला गेले, जोडगाडीच्या परवान्यासकट. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, नातवंडांसाठी चौकशीला आलात का? दोनदा नापास झाले. तू यायच्या आदल्या दुपारी कॅरव्हॅन जोडून अंगणात सराव चालला होता. बाबा बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभे, हात लांब करून पत्र्यावर. डोळ्यांच्या कडेनं त्यांना खांब नीट दिसत होता. त्यांनी वेळेवर दोन थापा दिल्या. आणि मी काय केलं? चौतीस वर्षांची सवय! दोन थापा ऐकल्या, की वीट लावायला जायचं. दोन्ही पाय उचलले आणि दार उघडून उतरायला निघाले. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये तशीच! तिनं मागे हिसका दिला आणि दिवा गेला, खांबही गेला. बाबा इतके हसले की त्यांना भिंतीलगत खाली बसावं लागलं. तू ओरडत होतीस तेव्हा मी तोंड उघडणार होते, त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. नंतर म्हणाले, मला काय, शिव्या खाऊन माझी काही परीक्षा बुडत नाही, पण ठकूला कळलं तर तुझी बुडेल. म्हणून मी गप्प राहिले. पास झाले ती गेल्या मंगळवारी.

तर हे पत्र परवानगी मागायला नाही. तुझ्या बाबांवरचा आळ उतरवायला आहे, आणि ते त्याच खांबाच्या चिरेत खोचलंय, म्हणजे तुला आधी खांब दिसेल. आज रविवार असेल, दहा वाजले असतील, तो भला माणूस तुझ्या शेजारी रिकाम्या अंगणाकडे बघत उभा असेल. त्याला सांग, विकायची नाही. मालकीणबाई घेऊन गेल्या. तू किल्ली नेलीस, पण दुसरी किल्ली शिवणाच्या डब्यात वीस वर्षं पडून होती. फुलं संपेपर्यंत आम्ही ओढ्याकाठच्या कुरणात आहोत. भांडायचं असेल तर जरूर ये, खुर्ची तिसरी घेतली आहे. मात्र आल्यावर आधी बाबांची माफी मागायची, मग माझ्यावर ओरडायचं. मागे कसं घ्यायचं याची काळजी करू नकोस. तो पोचा आता त्यांच्या तळव्याला सापडलाय, आणि दोन थापा ऐकल्यावर मी जागची हलत नाही.

तुझीच,
परवानाधारक आई