घुम्याचा गुण

ती. आईस,
दोन्ही पावलांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठीक आहे. खोली कोरडी आहे, दोन वेळा जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

छापखान्यात आम्हा सगळ्यांकडून स्वभाव ओळखायची प्रश्नपत्रिका भरून घेतली. माझा निकाल आला, 'अबोल, पण उत्तम श्रोता.' साहेब म्हणाले, "हेच तुमचं बळ. त्याचा उपयोग करा, पुढे जाल." मी "हं" म्हणालो. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. बाबा जाण्याच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "घुम्या, आज तरी काही बोल रे." तेव्हाही मी "हं"च म्हणालो. 

ताई सांगते, महिना झाला, तू कुणाशी बोलत नाहीस, फोनही घेत नाहीस. अगं, बाबा गेले. आता तूही अशी गेलीस तर मी कुणाकडे पाहू?

रविवारी सकाळी ताई फोन तुझ्या कानाला लावेल. रड, मला शिव्या घाल. मी ऐकत राहीन, तेवढं मला येतं. आणि काहीच बोलावंसं वाटलं नाही, तर मधूनमधून नुसतं "हं" म्हण. तू आहेस, एवढं मला कळेल.

तुझाच,
घुम्या