सत्तरी ओलांडलेल्यांची यादी

मुयेनी, १२ मार्च

ती. जुम्वाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन का उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. फोनवर तू आधी रडतेस, मग बोलतेस, आणि तोवर पैसे संपतात. म्हणून लिहायला बसलो.

तू मागे लागलीस म्हणून सरकारी मदतीसाठी नाव दिलं. सत्तरी ओलांडली की महिन्याला दोन हजार शिलिंग मिळणार. सभेत आंब्याखाली कारकुनाने सगळ्यांची नावं आणि वयं मोठ्याने वाचली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणाला. माझं वय वाचलं आणि माझ्या केसांकडे बघून हसला. मी केस काळे केलेत, ताई, बुटाच्या पॉलिशने. तू हसू नकोस. पांढऱ्या डोक्याचा माणूस इथे चेटक्या ठरतो. आपल्या गावच्या गोनाचं तेच झालं. कसाव्याच्या शेतात पालथा पडला होता, मान अर्धी तुटलेली. मुंग्या मीच झटकल्या. त्याच्या माडांची वाटणी पुतण्यांनी चाळिसाव्या दिवसाच्या आत केली.

आपल्या दादाच्या कझुंगूची धाकटी पोर तापाने गेली. मी मातीला गेलो तर त्याने मला मूठभर माती टाकू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी दगडाखाली चिठ्ठी होती. म्हाताऱ्या, मे महिना तुला दिसणार नाही. अक्षर मी ओळखलं. दादा गेल्यावर त्याला लिहायला मीच शिकवलं होतं.

शेजारची हलुवा सोबतीला असते. ऐंशीची झाली, दात एक नाही, पण जीभ अजून धारदार आहे. तुझ्या लेकीला, काचेला, आशीर्वाद. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा कित्साओ


लिकोनी, २० मार्च

चि. कित्साओस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं तशीच उठले आणि कझुंगूला फोन केला. मला वाटलं, ओरडेल, शिव्या देईल. पण तो अगदी मऊ आवाजात बोलला. म्हणाला, "आत्या, काकाला ही वर्षं मिळाली कुठून? माझ्या पोरीचीच ना?"

ताबडतोब निघून ये. काचेने मागची खोली रिकामी केली आहे. माझी पोरगी फटकळ आहे, पण जेवायला घालेल. माड काय, जमीन काय, घेऊ दे त्यांना. पहिला हप्ता हातात पडला की येतो, असं तू म्हणशील, मला ठाऊक आहे. लहानपणी शेपटी पिळल्याशिवाय पुढे न जाणारं आपलं गाढव होतं ना, तू तसाच. हप्त्याची वाट बघू नकोस.

हलुवाला माझा नमस्कार सांग. जपून राहा रे.

जुम्वा


वृद्धांचं आश्रयघर, ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण हा डावा हात आहे. उजवा मनगटापासून गेला. हॉस्पिटलात तू आलीस तेव्हा मी गुंगीत होतो, म्हणून सगळं आता सांगतो.

तुझंच खरं झालं. मी हप्त्यासाठी थांबलो. एप्रिलच्या अखेरीस पैसे घेतले, साखर घेतली, तुझ्यासाठी नेसायला लाल किनारीचा कांगा घेतला आणि भर दुपारी माडांतून घरी निघालो. तिघे समोर आले. दोघांनी तोंडं बांधली होती. कझुंगूने नव्हतं बांधलं. पैसे फेकले तर त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कोयता डोक्यावर येताना मी हात वर केला. हात साखरेत पडला, ताई. माझाच हात मी बघत होतो. दुसरा वार खांद्यावर बसला, तिसऱ्याला मी खाली होतो.

तेवढ्यात हलुवा आली. हातात काठीसुद्धा नव्हती. केस मोकळे सोडून ती मधे उभी राहिली आणि ओरडली, "चेटकीण मी आहे. पोरीला मी खाल्लं. आता तुमची नावं घेते, या पुढे." आणि तिघांची नावं तिने घेतली, बापांसकट. ते पळाले, ताई. हातात कोयते असलेले तीन जवान गडी एका बोळक्या म्हातारीला भिऊन पळाले. तिने आपला कांगा फाडून माझा हात बांधला आणि वर मलाच शिव्या घातल्या, गाढवा, मरायचंच होतं तर साखर घरी ठेवून मरायचंस म्हणून.

इथे एकोणीस जण आहोत, सगळे आपापल्या पोरांपासून लपलेले. जेवण बरं आहे, नर्स दर मंगळवारी येते. यादीसाठी अंगठ्याचा ठसा आता डाव्याचा घेतला. हलुवाची काही खबर नाही. तू गावी जाणार होतीस ना? तिला इथे यायला सांग, माझ्या शेजारची खाट रिकामी आहे.

कित्साओ


लिकोनी, २४ जून

चि. कित्साओस आशीर्वाद.

हे मला लिहायचं नव्हतं. काचे म्हणाली, लपवलंस तर तो तुला माफ करणार नाही.

तुला हॉस्पिटलात नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी हलुवाच्या झोपडीला बाहेरून कडी लावून आग दिली. सकाळची वेळ होती, माणसं विहिरीवर होती. ती आतून हाका मारत होती, तुझ्या नावाने नव्हे, शेजारणींच्या नावाने, एकेकीच्या. कुणी गेलं नाही. मी गेले तेव्हा तिथे चूल तेवढी उभी होती.

आणि आता दुसरं. कझुंगूची आई, सिदीवहिनी, माझ्याकडे येऊन चार दिवस बसली. तुझ्यावरच्या हल्ल्यासाठी पोलिसांनी धरलेला कझुंगू जामिनावर सुटलाय. तू त्याला ओळखलं नाहीस असं कोर्टात सांगावंस, घरातलं घरात मिटवावं, शेळ्या देऊ, माफी मागू, असं तिचं म्हणणं. दादाचा एकुलता एक मुलगा, रे. मी तिला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हणवलं नाही. तूच काय ते सांग.

जुम्वा


आश्रयघर, ३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. खाट अजून रिकामी आहे.

परवा हप्त्याचा दिवस होता, एप्रिलनंतरचा पहिलाच. आम्हा मुयेनीच्या तिघांना आश्रयघराच्या गाडीने नेलं, सोबत एक पोलीस. तोच आंबा, तोच कारकून. यादी वाचत तो हलुवाच्या नावापाशी आला. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. सगळं गाव जमिनीकडे बघत होतं. त्याने विचारलं, आजारी आहे का? मग तो पेन्सिलने गैरहजर लिहायला लागला.

मी उठलो. म्हटलं, "गैरहजर लिहू नका. तिला जाळलं. कोणी, ते इथे सगळ्यांना माहीत आहे." मग मी तिघांची नावं घेतली, तिने घेतली तशीच, बापांसकट. कझुंगू मागे माडाला टेकून उभा होता. मी खाली बसलो नाही, ताई. मग गोनाची विधवा उठली आणि म्हणाली, कडी लावताना मी पाहिलं. तिच्यामागून विहिरीवरच्या दोघी उठल्या. पोलिसाने वही काढली.

सिदीवहिनीला सांग, शेळ्या नकोत. कझुंगूला मी अंगाखांद्यावर खेळवलाय, हे मी विसरलेलो नाही. तरी कोर्टात खरं तेच सांगणार. सतरा ऑगस्टला तारीख आहे. तू रागावलीस तरी चालेल.

कित्साओ


लिकोनी, ६ ऑगस्ट

चि. कित्साओस,

वहिनीला आज नाही म्हणून सांगितलं. तिने माझे पाय धरले. मी तिला उठवलं, चहा दिला, आणि पुन्हा नाहीच सांगितलं. ती गेल्यावर दाराशी बसून खूप रडले.

सोळा तारखेच्या मटाटू गाडीने निघते. कोर्टात मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन.

जुम्वा