पाठीवर न घेतलेला भैय्यालाल

मी, प्रफुल्ल तुळशीराम गजभिये, वय एकोणसाठ, फौजेतला निवृत्त नायक, राहणार भनपुरी, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना, पण घाबरत घाबरत लिहीत आहे. घाबरलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं, हे वकिलाला विचारून घेतलं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी रुचिता हिला. दर दिवाळीला फटाके थांबेपर्यंत ती माझा हात धरून बसली आहे.

२. शिडी, ड्रिल मशीन आणि पान्यांची पेटी कोणालाही द्यावी, शेजारच्या शिशिरला देऊ नये. भावाच्या वरातीत त्याने माझ्या दारात सुतळी बॉम्ब लावला आणि मी भर दुपारी, अख्ख्या पाऱ्यासमोर, सगळ्या गल्लीच्या देखत, उभ्या ट्रकखाली शिरलो. तो साक्षीदार म्हणून समोरच बसला आहे, तरी लिहितो.

३. माझी कादंबरी. कारगिलहून परतल्यावर लिहिली. तिच्यात नायक जखमी मित्राला पाठीवर घेऊन सहा तास डोंगर उतरतो आणि मित्र त्याच्या मांडीवर शांतपणे प्राण सोडतो. तो मित्र म्हणजे भैय्यालाल मेश्राम, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, विहारात त्रिशरण-पंचशील झालं, की त्याची बायको कलावतीवहिनी मलाच उभं करतात. "भाऊजी, ते पान वाचा नं. तुमच्या तोंडून आयकलं का मले बरं वाटते." पंचवीस वर्षं वाचतो आहे. पाय लटपटतात, लोकांना वाटतं, दुःखाने. पुढच्या महिन्यात पुन्हा वाचायचं आहे.

४. ते पान खोटं आहे. कादंबरीत कोणाची पँट ओली होत नाही. माझी झाली होती. भैय्यालालच्या पायाला गोळी लागली, तो पडला, आणि मी एकटाच खाली पळालो. त्याला तीन दिवसांनी दुसऱ्यांनी आणलं. कागदावर तरी उचलता येत होतं, म्हणून उचललं.

५. कादंबरीचे सगळे हक्क कलावतीवहिनींना. ~~मी गेल्यावर~~ कलम चार त्यांना वाचून दाखवावं. त्यांच्या तोंडाकडे पाहायची मला गोळीपेक्षा जास्त भीती वाटते.

६. हे कलम सहीच्या वेळी वाढवलं. दुसरा साक्षीदार म्हणून मी भैय्यालालचा मुलगा धम्मदीप याला बोलावलं. भैय्यालालच्या घरचं कोणीतरी समोर असावं, पण कळू नये, असा माझा भेकड हिशेब. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते. शिवाय हा उरला औद्योगिक वसाहतीतल्या मिलमध्ये कामाला, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारा. तो कशाला मराठी वाचतो? पण लिपी तर तीच. त्याने कागद ओढला आणि ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाला, "काका, पापा ने आवाज़ दी थी क्या?"

मी म्हटलं, "हव. माहं नाव घेऊन. दोनदा."

"ये भी लिखिए."

लिहिलं. कलम पाचमधले दोन शब्दही त्याच्याच सांगण्यावरून खोडले. खोडाखोड माझ्या हातची. सही झाली की त्याच्या गाडीवर मागे बसून वहिनींकडे जायचं आहे. मला फार भीती वाटते आहे.

प्रफुल्ल तुळशीराम गजभिये

साक्षीदार:
शिशिर रामप्रसाद साहू
धम्मदीप भैय्यालाल मेश्राम

भनपुरी, रायपूर
२ मे २०२६