ताईची पास्तोरेला

लंडन, ऑन्टारिओ
९ जानेवारी २०२४

चि. रवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला आता नुसती घरघर ऐकू येते, म्हणून पत्र. कानात इम्प्लांट बसवायची तारीख मिळाली आहे, सहा मार्च. माणसांचं बोलणं कळू लागेल. पण त्या कानाला उरलंसुरलं ऐकू येतं तेही बहुधा जाईल, आणि संगीत पुन्हा संगीतासारखं लागेल याची खात्री नाही, असं सर्जन म्हणाले. भूल देण्याच्या नोकरीत मीही पेशंटना असंच शांतपणे सांगत आले.

निवृत्तीनंतर पियानो शिकले, त्यात जीव अडकलाय तो एका पास्तोरेलात. स्पेनमधल्या सेव्हिलच्या एका ऑर्गनवादकाची ही रचना, अडीचशे वर्षांपूर्वीची. बिचारा चौतिशीतच गेला. धून गुराख्यांच्या चालीवरची, सहा मात्रांत डुलणारी, आपल्या दादऱ्यासारखी. अजून थोडी ऐकू येते. तारीख रद्द करावी असं मनात आहे.

तुला आणि उल्काला जोडीने आशीर्वाद. दारातला बर्फ शोव्हल करताना पाठ सांभाळ.

तुझी ताई,
मंदाकिनी

कनाटा
१७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुला सांगायचं धाडस झालं नव्हतं. ख्रिसमसला तुझ्या नातीने, केयाने, तुला तीनदा काही विचारलं. तू तिन्ही वेळा हसून मान डोलावलीस. शेवटी ‘नेव्हर माइंड, आजी’ म्हणून ती बेसमेंटमध्ये निघून गेली. शाळेतल्या तिच्या नाटकाला येशील का, एवढंच विचारत होती.

तारीख रद्द करू नकोस. आदल्या आठवड्यात आम्ही दोघं गाडीने येतो. तू वाजव, मी ऐकतो. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, हे तू जाणतेसच.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा रवी

लंडन
५ एप्रिल

चि. रवीस अ. आ.

ऑपरेशनची जखम भरली, आणि काल मशीन सुरू केलं. सगळे पत्र्याच्या डब्यातून बोलतात, पण बोलतात. केयाने माझ्याकडे पाठ करून विचारलं, चहा हवा का. हवा, म्हटलं. ती वळली आणि रडायलाच लागली.

पियानोवर मात्र दोन मिनिटंही बसवेना. पास्तोरेला म्हणजे मोरीत भांडी पडावीत तशी. रात्री तुझ्यावर रागावले. मग वाटलं, तू आलास त्या दुपारी ती शेवटची नीट ऐकली, आणि तू डोळे पुसलेस तेही पाहिलं. पुरे झालं.

ताई

कनाटा
२० जून

ती. ताईस सा. न.

हसू नकोस. एप्रिलपासून इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये पियानो शिकतोय, एकाहत्तराव्या वर्षी. माझी टीचर गौरांगी तेवीस वर्षांची आहे. तुझ्या पास्तोरेलाच्या पहिल्या दोन ओळी येतात. डुलत नाहीत, लंगडतात. वाजवायला लागलो की उल्का दार लावून घेते. तुझ्याकडे येऊन वाजवू का? तुला भांड्यांचा त्रास होणार असेल तर नको.

रवी

लंडन
२७ जून

चि. रवीस,

पुढच्या शनिवारी ये. सूर मला कळणार नाही, पण मी तुझ्या शेजारी बसून हात पाहीन. बोट चुकलं की तिथेच थांबवीन, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावीन.

वाट पाहणारी,
ताई